गोधडीचा हिशेब

आरंभीच एक खुलासा करणे भाग आहे. पुढील मजकुरात आमच्या सौभाग्यवतीच्या घरगुती व्यवसायाचा उल्लेख वारंवार येणार असला, तरी त्याचे नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक वाचकांस कोठेही आढळणार नाही. यात विनय नाही, नियम आहे. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या शाळेचे मुख्याध्यापक. म्हणजे १९६५ च्या सिव्हिल सेवा आचरण नियमांनी हातपाय बांधलेला प्राणी. शासकीय सेवकाने स्वतः व्यापार करू नये हे तर त्यांत आहेच. पण पत्नीच्या धंद्यासाठी गिऱ्हाइके मिळवीत फिरणे हाही नियमभंगच मानला जातो. घरातील कोणी धंदा करीत असल्यास तसे वरिष्ठांस कळविण्याचे बंधन आहे आणि ते आम्ही यथाकाल पाळले. अर्ज घेऊन गेलो तेव्हा कार्यालयातील बाबूंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. "व्यवसाय क्या लिखूँ, सर?" आम्ही सांगितले, "गुदड़ी सीना." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "सर, ये भी कोई धंधा हुआ? ये तो हमारी अम्मा करती थीं."

हे वाक्य पुढे आम्ही मराठीतून आणि हिंदीतून इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते कोणाच्या ओठांवर येण्यापूर्वीच आम्हांस दिसू लागते.

प्रकरणाला आरंभ झाला तो २०२३ च्या संक्रांतीला. आमची पुतणी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. तिचे आईवडील आज हयात नाहीत. तेव्हा तिचे माहेर म्हणजे आमचेच इंदूरचे घर. मार्गशीर्षात मुलगी झाली. माळव्यातील थंडी बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये म्हणून सौ.ने खिडक्यांना जुनी धाबळी बांधली आणि बाळासाठी झबली, टोपडी, दुपटी, एक कुंची व दोन गोधड्या आधीच शिवून ठेवल्या होत्या. हे सर्व आमच्या मातोश्रींच्या लुगड्यांतून निघाले. मातोश्री जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि त्यांची लुगडी ज्या पत्र्याच्या पेटीत होती तिच्यावर आम्ही इतकी वर्षे वर्तमानपत्रांची रद्दी ठेवीत असू.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाने जेथे असावे तेथे, म्हणजे आतल्या खोलीत, आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो. बाहेरचे बोलणे कानी येत होते. एका बाईंनी व्हरांड्यातील दोरीवर वाळत घातलेली गोधडी पाहिली.

"वहिनी, ही कुठून आणलीत हो?"

"आणायची कशाला? घरीच शिवली."

"मला एक द्याल शिवून? सुनेला सातवा लागलाय. किती घ्याल ते सांगा."

"अहो, पैसे कसले घ्यायचे त्यात!"

त्या बाई व्यवहारी निघाल्या. चार दिवसांनी त्यांनी आपल्या सासूबाईंची दोन लुगडी आणि एका पाकिटात ५०० रुपये आणून दिले. सौ.ने ते पाकीट देवापुढे ठेवले. आमच्या संसारास तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. तिच्या हातच्या वस्तूस कोणी पैसे दिल्याचा हा पहिला प्रसंग. आम्ही मोठ्या उदार मनाने म्हणालो, "छान झाले. तुझा वेळ जाईल." ती काही बोलली नाही. वेळ जाईल, असे म्हणण्यात आमची काय चूक झाली ते कळण्यास आम्हांस पुढचे सहा महिने लागले.

गोधडी ही वस्तू वाचकांस सांगावयाची गरज नाही, पण ती शिवताना पाहिलेले वाचक आता थोडे उरले असतील. देशावर कोणी तिला वाकळ म्हणतात, आमच्या शेजारी ती गुदडी होते, आणि बंगालात याच जातीच्या शिवणीला कांथा म्हणतात. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून त्यांस सुईने जखडून टाकणे, एवढेच शास्त्र. पण थर कोणता वर, कोणता आत, यात सगळी अक्कल आहे. वरखाली ज्याचा पोत अजून शाबूत आहे ते कापड. पोटात विरलेले, फाटलेले, ठिगळांचे. विरलेले कापडही फुकट जात नाही. त्याचीच तर ऊब. हे थर जमिनीवर सुरकुती न ठेवता पसरावयाचे, चारी बाजूंनी कच्चे टाके घालावयाचे, आणि मग धावदोरा. कोणी कडेपासून चौकोनात फिरत मधोमध येतात, कोणी सरळ रांगा घालतात. सौ. रांगा घालते. नव्या कापडाची गोधडी तिला मान्य नाही. नव्या कापडात खळ असते, ते पहिल्या धुण्यात आटते आणि मग टाके ओढले जाऊन गोधडी चुणते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याला आता आटावयाचेही नसते आणि टोचावयाचेही नसते. तान्ह्या बाळासाठी तर नायलॉनी काहीच चालत नाही, कारण ते घाम टिपत नाही. हे सर्व ज्ञान तिला कोणी शिकविले नव्हते. आमच्या मातोश्रींशेजारी बसून तिने ते घेतले होते, आणि आम्ही त्याच खोलीत बसून मर्ढेकरांवर टिपणे काढीत होतो.

एका गोधडीच्या तीन झाल्या, तिनाच्या सात. पाहिलेल्यांनी इतरांस सांगितले. पुण्याला असलेल्या आमच्या कन्येने छायाचित्रे मागवून ती व्हॉट्सअॅपवरून आपल्या मैत्रिणींस पाठविली आणि तिकडूनही विचारणा होऊ लागली. मग जे व्हावयाचे तेच झाले: सल्लागार जमले. आमच्या मराठी समाजात गृहोद्योग म्हटला की पहिले उदाहरण निघते ते लिज्जत पापडाचे. १९५९ साली मुंबईस गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन आरंभ केला आणि पाहा कोठे पोचल्या! हे उदाहरण खरे आहे, स्फूर्तिदायक आहे, आणि ते सांगणारा मनुष्य स्वतः कधी पापड लाटत नाही. एका मेव्हण्यांनी मुद्रा योजनेत कर्ज काढावे असे सुचविले. त्यातील ५० हजारांपर्यंतच्या कर्जाचे नाव 'शिशु'. बाळाच्या गोधडीस याहून समर्पक कर्ज मिळणे कठीण, परंतु सौ.ने विचारले, "पण मला विकत काय घ्यायचंय?" सुया होत्या, अंगुस्तान होते, दोऱ्याची रिळे शीतलामाता बाजारातून आणली की झाले. कापड गिऱ्हाइकाचे. मेव्हणे निरुत्तर झाले, पण पटलेले दिसले नाहीत.

उद्यम नोंदणी मात्र आम्ही करविली. २०२० च्या जुलैपासून ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन विनामूल्य होते. तशाच दिसणाऱ्या खासगी ठिकाणी ती करून देण्याचे हजार-दीड हजार मागतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. प्रमाणपत्र आले. त्यात आमची सौ. 'सूक्ष्म उद्योग' ठरली आहे. सूक्ष्म म्हणजे किती, याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटी अशी आहे. ते प्रमाणपत्र वाचून तिने सुयांच्या डबीकडे पाहिले आणि आम्ही दोघेही बराच वेळ हसलो. वस्तू व सेवा कराची पंचाईत आणखी सूक्ष्म. माल विकणाऱ्यास वर्षाच्या ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणी नको, सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंत नको. आता गिऱ्हाइकाच्याच लुगड्याची गोधडी शिवून देणे हा माल की सेवा? एका सनदी लेखापाल विद्यार्थ्यास विचारले. तो म्हणाला, "सर, कापड त्यांचं असेल तर सेवा. पण काकूंना दोन्हीकडून चिंता नाही." सेवा हा शब्द ऐकून सौ. म्हणाली, "ते मला माहीतच होतं."

खरी चिंता निराळीच होती. सौ. किमतीचा आकडा तोंडातून काढीत नसे. गिऱ्हाइकाने विचारले की ती पदर सावरी, इकडेतिकडे पाही आणि म्हणे, "द्या काय ते." पहिल्या बाईंनी ५०० दिले म्हणून पुढल्यांनीही ५०० दिले, एकीने ४०० दिले आणि वर एक नारळ. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला आम्ही पाणी पिण्यास उठलो तो ती दिव्याखाली बसून टाके घालीत होती. मानेस पट्टा. आमच्यातील मुख्याध्यापक जागा झाला. हे असे चालावयाचे नाही, याचा शास्त्रशुद्ध हिशेब झाला पाहिजे, असे आम्ही ठरविले.

आम्ही पडलो मराठीचे एम. ए.; तेव्हा शाळेतील गणिताच्या शिक्षकांस मधल्या सुट्टीत गाठले. बाळाची गोधडी ३ फूट रुंद, ४ फूट लांब. रांगांमधील अंतर अर्धा इंच. म्हणजे ४ फुटांच्या ७२ रांगा. दोऱ्याची वाट २८८ फूट. "सर, चौकोनात फिरलं तरी तेवढीच येईल," त्यांनी खडूने दाखविले. सौ.चे टाके आम्ही गुपचूप भिंगाखाली मोजले होते: इंचाला पाच. तेव्हा एका गोधडीत १७,२८० टाके. एका रांगेस वीस मिनिटे, म्हणजे एकूण २४ तास. दोरा आणि आतल्या थरासाठी लागणारे जादा कापड यांचे १४० रुपये वजा जाता ५०० मधून ३६० उरतात. तासाला १५ रुपये. गणिताचे शिक्षक भले गृहस्थ. त्यांनी तो आकडा फळ्यावरून लगेच पुसून टाकला.

घरी येऊन आम्ही हा हिशेब सौ.पुढे मांडला. मांडताना आमचा सूर काहीसा वर्गातला झाला असावा. तासाला १५ रुपये म्हणजे श्रमाचे केवढे अवमूल्यन, बाईच्या कष्टांस किंमत मिळालीच पाहिजे, आता २४ तासांचे योग्य मोल ठरवावे, असे बरेच काही आम्ही बोललो. ती तांदूळ निवडीत होती. तिने ताट खाली ठेवले नाही.

"अहो, तासच मोजायचे असतील तर बत्तीस वर्षांचे मोजा. तुमच्या त्या सरांना विचारा, फळा पुरतो का."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आम्हांस उत्तर सुचले असते. आम्ही हिशेबाची वही घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. त्या वहीच्या मागील पानांवर अलीकडे सौ.च्या अक्षरात काही नोंदी दिसू लागल्या होत्या. दूध, वाणसामान, वीज, आमचा रक्तदाबाचा औषधखर्च. आणि त्यांच्याखाली 'गोधडी ५००' असे लिहून पुढे कंसात 'दूध'. पुढच्या महिन्यात 'गोधडी ५००', कंसात 'औषध'. ती रक्कम तिने स्वतःसाठी ठेवली असेल अशी आमची समजूत होती. आम्ही विचारले नव्हते.

त्यानंतर आठवडाभर किमतीचा विषय आम्ही काढला नाही. तिनेच काढला. "चौरस फुटाला दीडशे सांगितले तर कसं?" आम्ही मनात गुणाकार केला: १२ चौरस फुटांचे १८००. खर्च वजा जाता तासाला ६९ रुपये. थोडेच आहेत, असे ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले. आकडा तिचा होता.

ज्या दिवशी तिने तो प्रथम मोठ्याने उच्चारला त्या दिवशी आम्ही दारामागे होतो. समोरच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई! जयपुरी रजई येते की याच्यापेक्षा कमीत." आम्हांस वाटले, आता ही म्हणेल, 'बरं, द्या काय ते.' ती म्हणाली, "येते. मशीनची असते ती. हलकी असते, छान असते." आणि चहा ठेवण्यास उठली. त्या बाई चहा पिऊन गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत विचारणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक परत गेल्या. उरलेल्या मात्र आजतागायत येतात.

एकदा प्रदर्शनही झाले. दसऱ्यापूर्वी समाजाच्या एका सभागृहात बायकांच्या हस्तकलेचे दोन दिवस प्रदर्शन भरते; मेजाचे भाडे १२०० रुपये. सौ.ने पाच गोधड्या, सहा कुंच्या आणि झबली-टोपड्यांचे संच मांडले. शेजारच्या मेजावर कागदी फुलांच्या माळा, समोर चकल्या. चकलीपुढे कोणती कला टिकते? लोक गोधडीवरून हात फिरवीत, डोळे मिटीत, "आमची आजी अस्सल अशीच शिवायची हो," म्हणत, कधी डोळ्यांस पदर लावीत आणि चकल्या घेऊन जात. दोन दिवसांत एक गोधडी व चार कुंच्या गेल्या. आम्ही नियमास स्मरून मेजापासून दहा पावले दूर उभे होतो. गिऱ्हाईक गोळा केल्याचा आळ नको. तरी एका ओळखीच्या गृहस्थांनी हाक मारलीच, "काय मास्तर, दुकान टाकलंत की काय?" पस्तीस वर्षे 'सर' म्हणवून घेतलेल्या मनुष्यास ते लागले, हे कबूल केले पाहिजे. घरी येताना रिक्षात सौ. गोधड्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. तिला काही लागलेले दिसले नाही. ती भाडे वजा जाता काय उरले ते बोटांवर मोजीत होती.

आता जे सांगावयाचे ते आमच्याच अपराधाचे आहे.

२०२४ च्या श्रावणात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्यांची आई आदल्या वर्षी गेली होती. आईची तीन लुगडी त्यांनी आणली: एक निळे, एक गर्द रंगाचे लाल पदराचे इरकली, आणि एक पांढरे, बारीक हिरव्या काठाचे, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले. शेवटची काही वर्षे आई घरात हेच नेसत असे. या तिन्हींची एक मोठी गोधडी त्यांस स्वतःसाठी हवी होती. बाळाबिळाचा प्रश्न नव्हता. "मला पांघरायला," एवढेच त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी सौ. आपल्या धाकट्या बहिणीकडे देवासला गेली. रविवार होता. आम्हांस वाटले, आपणही काही हातभार लावावा. लुगडी शिवण्यापूर्वी धुतात, हे आम्हांस ठाऊक होते. कशी धुतात हे ठाऊक नव्हते. आम्ही तिन्ही लुगडी एका बादलीत, कोमट पाण्यात, साबणाची पूड भरपूर घालून रात्रभर भिजत ठेवली.

सकाळी बादलीतील पाणी कुंकवाचे झाले होते.

रोजच्या वापरातल्या लुगड्याचा सुटावयाचा रंग केव्हाच सुटून गेलेला असतो. ते इरकली मात्र पेटीतले, सणावारी नेसलेले; त्याचा लाल पदर तितक्या वर्षांत फारसा पाण्यात गेलाच नव्हता. आमच्या साबणाने त्याला वाट मिळाली. पांढऱ्या लुगड्यावर तळहाताएवढाले गुलाबी डाग पडले होते, घड्यांच्या क्रमाने, एकाआड एक. आम्ही ते गार पाण्यात सात वेळा खळबळले. मीठ लावले, लिंबू चोळले, उन्हात घातले. डाग फिकट झाले, गेले नाहीत.

संध्याकाळी सौ. आली. दोरीवरचे लुगडे पाहून ती पायरीवरच बसली. ती ओरडली नाही. त्यामुळे आम्हीच बोलत सुटलो. त्या बोलण्यात आम्ही जे सुचविले ते येथे लिहिण्यास संकोच वाटतो, पण लिहितो. आम्ही म्हणालो, "पांढरे मधल्या थरात घाल. वरखाली निळे आणि इरकली. आत काय आहे ते कोण पाहणार आहे?"

तिने आमच्याकडे पाहिले. "टाका घालताना माझा हात त्याच्यावरूनच जाणार ना?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्या बाईंकडे गेलो. रिक्षात आमची वाक्यरचना चालली होती. दोषाची कबुली, क्षमायाचना, भरपाई, अशा क्रमाने. त्यातील काही उपयोगी पडले नाही. सौ.ने लुगड्याची घडी त्यांच्या हाती दिली आणि सरळ सांगितले, "रंग लागला. आमच्याकडून चुकलं." 'यांच्याकडून' असे ती म्हणाली नाही. आम्ही म्हणालो, "माझ्याकडून." त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी घडी उलगडली, डाग पाहिले, आणि मग ते लुगडे नाकाशी नेले. बराच वेळ तसेच धरले.

"डागांचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "वास गेला आईचा."

यावर काय बोलणार? आणि खरे पाहता, आम्ही बादलीस हात लावला नसता आणि सौ.ने ते रीतसर, गार पाण्यात, एकटे धुतले असते, तरी वास जाणारच होता. धुतल्यावाचून गोधडी शिवता येत नाही. ते त्यांनाही सुचले नव्हते, सौ.लाही नाही. दीड वर्षात इतक्या गोधड्या शिवून झाल्या, कोणीच त्याचा विचार केला नव्हता. पूर्वी घरचीच लुगडी असत, नेसणारी समोर वावरत असे. वास जपून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी पांढरे लुगडे ठेवून घेतले. उरलेल्या दोघांची गोधडी करावी असे सांगितले. सौ.ने ती केली. मोठी होती, ४ फूट बाय ६. दोन तासांना एक फूट या हिशेबाने ४८ तास. पैसे घ्यावयाचे नाहीत असे तिने ठरविले आणि आगाऊ घेतलेले १००० रुपये गोधडीच्या घडीत ठेवून दिले. गोधडी नेण्यास त्या स्वतः आल्या नाहीत, भाच्यास पाठविले. निरोप काही नव्हता. पुढे कित्येक दिवस फोन वाजला की सौ. हातातले काम ठेवून उठे.

तेव्हापासून कामाची रीत बदलली आहे. लुगडे आले की सौ. प्रथम विचारते, "वास ठेवायचा आहे का? असेल तर हे एक घरीच ठेवा, दुसरं द्या. घाई नाही, उद्या सांगा." पुष्कळ जणी हे ऐकून तेथेच बसून राहतात. दोघी-तिघी तर गाठोडे उचलून परत घेऊन गेल्या. त्यांचे काम गेले याचे तिला काही वाटलेले दिसत नाही. मग प्रत्येक लुगड्याचा काठ, पदर, ठिगळ, डाग यांची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावयाची. एक गिऱ्हाइकास, एक आपल्याकडे. पदराचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावयाचा. रंग दिला तर ते लुगडे निराळे, गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. या चिठ्ठ्या आम्ही लिहितो. अक्षर चांगले आहे, म्हणून ते काम आमच्याकडे. बादली आमच्याकडे नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक अनोळखी मध्यमवयीन बाई गाठोडे घेऊन आल्या. दार आम्ही उघडले. सवयीने हात पुढे केला, तर त्यांनी गाठोडे छातीशी धरले आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "बाई आहेत का घरात? नाही, मला सांगितलंय, लुगडी बाईंच्याच हातात द्या, मास्तरांच्या नको." कोणी सांगितले, ते त्यांनी सांगितले. त्याच, बँकेतल्या. सौ. आतून हात पुसत आली. नाव ऐकून ती क्षणभर थबकली, आणि मग तिने सतरंजी अंथरली.

आम्ही आत जाऊन उत्तरपत्रिका पुढे ओढल्या. पण बाहेरून हाक आली. अलीकडे तिला संध्याकाळच्या उजेडात सुईचे नेढे दिसत नाही. दिवसाच्या दहा सुया आधीच ओवून उशीला टोचून ठेवाव्या लागतात आणि आमची दृष्टी, जवळचे पाहण्यापुरती तरी, शाबूत आहे. आम्ही चष्मा कपाळावर सारून दोरा ओवू लागलो. सहावी सुई ओवताना मनात आले, पत्नीच्या धंद्यात सुई ओवून देणे हे आचरण नियमांच्या कोणत्या पोटनियमात बसते, ते एकदा वाचून पाहिले पाहिजे. सौ. म्हणाली, "दोरा एवढा लांब नको घेऊ हो, गुंता होतो." आम्ही तो वीतभर तोडला.